किती प्रथिन यापेक्षा कोणतं प्रथिन

नमस्कार मंडळी. समोर दूध उत्पादक आहेत, पशुवैद्यकीयचे विद्यार्थी आहेत, आणि काही जण केवळ कुतूहलापोटी आलेत. म्हणून सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या ठिकाणापासून करतो, डेअरीपासून.

संकलन केंद्रावर तुमच्या किटलीतून नमुना घेतात, यंत्राची नळी त्यात बुडते, आणि मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, यांचे आकडे पावतीवर येतात. त्यावर दर ठरतो. काही यंत्रं प्रथिनाचाही आकडा देतात. आता समजा, एका गाईच्या चारपैकी एका सडाला सुप्त कासदाह झालाय. कास गरम नाही, सूज नाही, दुधात गुठळ्या नाहीत, गाय चारा व्यवस्थित खातेय. त्या एकाच सडाचं दूध वेगळं काढून तपासलं, तर एकूण प्रथिनाचा आकडा बऱ्याचदा शेजारच्या निरोगी सडाइतकाच येतो. तो पाहून कुणीही म्हणेल, सगळं ठीक आहे. पण त्या आकड्याच्या पोटात उलथापालथ झालेली असते. कासेने स्वतः तयार केलेलं केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, कमी झालेलं असतं, आणि ती तूट रक्तातून झिरपलेल्या प्रथिनांनी भरून काढलेली असते. बेरीज तीच राहते, बेरजेतले आकडे बदलतात.

आजचं माझं सगळं बोलणं याच्याभोवती आहे. प्रथिन किती, हे आपण गेली अनेक दशकं मोजत आलो. कोणतं प्रथिन, ते शरीराच्या कुठल्या भागातून आलं आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रश्न विचारायला लागल्यावर जनावरांचे रोग वेगळेच दिसू लागतात.

विद्यार्थी इथे म्हणतील की सर, आता जनुकांचं युग आहे, डीएनए वाचला की सगळं कळतं. गाईच्या संपूर्ण जनुकसंचाचं वाचन २००९ साली प्रसिद्ध झालं. हेरफर्ड जातीच्या गाईचा तो जनुकसंच होता आणि त्यात साधारण २२ हजार जनुकं मोजली गेली. ते काम मोठंच आहे, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण गाईच्या यकृतातल्या पेशीत आणि कासेतल्या पेशीत जनुकं तीच असतात. तरी केसिन कासेतच बनतं. वासरू जन्मलं त्या दिवशीचा डीएनए आणि त्याच गाईला पाचव्या वेतात कासदाह झाला त्या दिवशीचा डीएनए एकच. बदलतात ती प्रथिनं. सकाळच्या धारेत नसलेलं प्रथिन संध्याकाळच्या धारेत असू शकतं. आज जनावराच्या शरीरात काय चाललंय हे कळायचं असेल तर प्रथिनांकडेच जावं लागतं.

याचं सगळ्यात भेदक उदाहरण आपल्या देशातलं नाही, इंग्लंडचं आहे. त्यावर जरा थांबून बोलतो, कारण पशुवैद्यकातला इतका मोठा धडा दुसरा नाही.

१९८६ साली इंग्लंडमध्ये गाईंचा एक नवाच रोग ओळखला गेला. गाय बिचकते, तिचा तोल जातो, मागचे पाय लटपटतात, शेवटी ती खाली बसते ती उठत नाही. मेलेल्या गाईचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यात स्पंजासारखी भोकं दिसत. लोकांनी त्याला मॅड काउ हे नाव दिलं. जंतू शोधला, सापडला नाही. विषाणू शोधला, तोही नाही. ताप नाही, रक्तात प्रतिपिंड नाहीत. शरीराने आपल्यात कुणी परका शिरलाय याची दखलच घेतलेली नव्हती.

कारण परका कुणी नव्हताच. प्रायॉन नावाचं एक प्रथिन प्रत्येक निरोगी गाईच्या मेंदूतल्या पेशींवर असतं. तेच प्रथिन चुकीच्या पद्धतीने दुमडलं की रोगकारक होतं. अमिनो आम्लांचा क्रम तोच, फक्त घडी वेगळी. आणि हे वाकडं प्रथिन शेजारच्या सरळ प्रथिनालाही आपल्यासारखं वाकवतं. जनुक वाचून इथे काहीही कळलं नसतं, त्यात बदलच नव्हता. प्रथिनाचं वजन करूनही कळलं नसतं, वजन सारखंच. अमेरिकेतल्या स्टॅन्ली प्रूसिनर यांनी ही कल्पना मांडली तेव्हा तिला कडाडून विरोध झाला. नुसतं प्रथिन संसर्ग कसं पसरवेल, हा विरोधकांचा प्रश्न रास्तच होता. प्रूसिनर त्यामागे लागून राहिले आणि १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं.

मग निदान कसं करायचं? ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. मेंदूच्या नमुन्यात प्रथिनं पचवणारं एक विकर घालायचं, प्रोटिनेज के नावाचं. सरळ घडीचं प्रायॉन त्यात पूर्ण पचून जातं. वाकड्या घडीचं पचत नाही, त्याचं फक्त टोक झडतं आणि गाभा शिल्लक राहतो. नंतर त्या प्रथिनाला नेमकं ओळखणारं प्रतिपिंड सोडायचं. पट्टा उमटला तर रोग आहे, नाही उमटला तर नाही. प्रथिनाची केवळ अवस्था तपासून केलेलं हे निदान आहे. २००१ पासून युरोपीय संघात ठरावीक वयापुढच्या कत्तलीच्या गुरांची अशा जलद चाचण्यांनी तपासणी सक्तीची झाली.

रोग पसरला कसा, हेही सांगायला हवं. मेलेल्या जनावरांचं मांस आणि हाडं यांची भुकटी करून ती गाईंच्या खुराकात मिसळली जात होती. गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच जातीचे अवशेष खायला घातले गेले, आणि वाकडं प्रायॉन उष्णतेला सहजी दबत नसल्यामुळे भुकटी तयार करताना ते टिकून राहिलं. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असा खुराक द्यायला तिथे बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. एकट्या ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून जास्त गाईंमध्ये रोग नोंदवला गेला. १९९६ मध्ये माणसांतल्या एका नव्या, प्राणघातक मेंदूरोगाशी त्याचा संबंध जाहीर झाला. आपल्याकडे हा रोग आढळलेला नाही. तरी खुराकात काय मिसळलंय हे विचारण्याचा हक्क प्रत्येक दूध उत्पादकाने वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रथिनं बघायची कशी, याकडे वळू.

एखाद्या प्रथिनातली अमिनो आम्लं अगदी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने वाचण्याचं काम जगात पहिल्यांदा झालं ते गाईच्या प्रथिनावर. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी गाईच्या स्वादुपिंडातलं इन्सुलिन घेतलं. त्यात दोन साखळ्या, एक २१ आणि दुसरी ३० अमिनो आम्लांची, मिळून ५१. आज यंत्र जे झटक्यात करतं त्याला तेव्हा वर्षं लागली. १९५८ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. प्रत्येक प्रथिनाचा क्रम ठरलेला असतो आणि तो वाचता येतो, हे त्या कामाने पक्कं केलं. डुक्कर आणि मेंढी यांचं इन्सुलिनही वाचलं गेलं आणि थोड्याच जागांवर फरक निघाला. माणसाच्या आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये फक्त ३ जागांचा फरक आहे, म्हणूनच मधुमेहाच्या रुग्णांनी अनेक दशकं गाईचं आणि डुकराचं इन्सुलिन टोचून घेतलं.

दुसरं साधन जेलचं. विद्यार्थ्यांनी केलंय, बाकीच्यांसाठी सांगतो. जेलीसारख्या पातळ पत्र्यात वरच्या बाजूला छोटे खळगे असतात. त्यात नमुना घालायचा आणि विजेचा प्रवाह सोडायचा. प्रथिनं खाली सरकू लागतात. लहान प्रथिन लवकर खाली जातं, मोठं वरच अडकतं. तासाभराने निळ्या रंगात बुडवून धुतलं की पट्टे दिसतात.

पडद्यावर आहेत ते दोन रकाने बघा. एकाच गाईचं, एकाच वेळेचं दूध आहे. डावीकडचा निरोगी सड, उजवीकडचा सुप्त कासदाहाचा. डावीकडे मधोमध जाड, गडद पट्टे दिसतात ते केसिनचे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसिनच असतं, त्यामुळे पट्टे इतके ठसठशीत. त्याखाली १८ हजार डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे प्रथिनाचं वजन मोजायचं एकक) जागी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, त्याच्याही खाली १४ हजारांच्या जागी अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. वर ६६ हजारांपाशी एक अगदी पुसट रेघ आहे, ते रक्तातलं अल्ब्युमिन. आता नजर उजवीकडे न्या. ६६ हजारांची रेघ ठळक झालीय. तिच्या वर, ८० हजारांच्या आसपास आणखी एक पट्टा आलाय, तो लॅक्टोफेरिनचा. केसिनचे पट्टे उतरलेत, आणि त्यांच्या खाली जो धुरकट भाग दिसतोय ते केसिनचे तुकडे आहेत. एकूण प्रथिनाचा आकडा या दोन्ही नमुन्यांत जवळजवळ सारखा होता.

हे तुकडे कुणी केले? प्लास्मिनने. रक्तातून एक सुप्त विकर दुधात येतं, दाह असला की जास्त येतं, आणि तिथे जागं होऊन केसिन कापायला लागतं. पाश्चरायझेशनच्या उष्णतेनेही ते मरत नाही. म्हणून असं दूध डेअरीत गेल्यावर थंड टाकीतही नासाडी चालू राहते. पनीर आणि चीज करणाऱ्यांना उतारा कमी पडतो तो इथे. केसिन जितकं तुटलेलं तितकं ते निवळीबरोबर वाहून जातं.

आणि अल्ब्युमिन दिसण्याचा अर्थ काय? निरोगी कासेत रक्त आणि दूध यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत असते. जंतूंची विषं आणि दाह यामुळे त्या भिंतीतले जोड सैल होतात. रक्तातलं अल्ब्युमिन, प्रतिपिंडं, मीठ दुधात उतरतात. कासदाहाचं दूध खारट लागतं हे आपल्या आजीला माहीत होतं. त्याच्यामागचं कारण हे आहे.

इथपर्यंत जेल पुरतं. पण जेलवर ठळक प्रथिनंच दिसतात. दुधात केसिनचा इतका भडिमार असतो की रोगाची पहिली खूण असलेलं तुरळक प्रथिन, जत्रेच्या नगाऱ्यात बासरी हरवावी तसं, त्यात हरवून जातं. रक्तात तर अल्ब्युमिन आणि दाहाचा निरोप नेणारी सूक्ष्म प्रथिनं यांच्या प्रमाणात अब्जावधी पटींचा फरक असतो. म्हणून आधी साय काढायची, मग अतिवेगाने फिरवून केसिन तळाशी बसवायचं, आणि वरच्या निवळीवर काम करायचं. त्या निवळीत ट्रिप्सिन नावाचं विकर घालतात. ते प्रथिनांच्या साखळ्या ठरावीक दोनच अमिनो आम्लांपाशी कापतं, त्यामुळे कुठल्या प्रथिनाचे कुठले तुकडे होणार हे आधीच सांगता येतं. हे तुकडे वस्तुमानमापक यंत्रात जातात. यंत्र प्रत्येक तुकडा तोलतं, फोडतं, पुन्हा तोलतं. ती वजनं गाईच्या जनुकसंचाशी ताडून संगणक सांगतो की हा तुकडा अमुक प्रथिनाचा. २००९ च्या त्या कामाचं ऋण इथे फेडलं जातं. जनुकसंच नसता तर ताडून पाहायला यादीच नसती.

एवढी मोठी प्रथिनं न मोडता हवेत उडवून तोलायची कशी, हा प्रश्न बरीच वर्षं सुटत नव्हता. तो सोडवणाऱ्यांपैकी एक जपानचे कोइची तानाका. क्योतोच्या शिमाद्झू कंपनीत ते अभियंता होते, नावापुढे डॉक्टरेट नव्हती. २००२ साली त्यांना अमेरिकेच्या जॉन फेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. इथे बसलेल्या आणि पदवी संपताच नोकरीला लागणार असलेल्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

या यंत्रांनी कासदाहाबद्दल काय शिकवलं? तीन प्रथिनं सांगतो.

पहिलं हॅप्टोग्लोबिन. यकृत ते तयार करतं. निरोगी गाईच्या रक्तात ते जवळपास सापडतच नाही आणि दाह झाला की शंभर पटींहून जास्त वाढतं. आता गंमत बघा. आपल्याला ताप आला की डॉक्टर सीआरपी, म्हणजे दाह झाला की माणसाच्या रक्तात वाढणारं एक प्रथिन, तपासायला सांगतात. गाईच्या बाबतीत सीआरपी फारसं काही सांगत नाही. कुत्र्यात मात्र सीआरपी उत्तम चालतं. घोड्यात आणि मांजरात सीरम अमायलॉइड ए बघावं लागतं. माणसाची चाचणी उचलून जनावराला लावणं किती चुकीचं ठरू शकतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण नाही. प्रत्येक प्राण्याने संकटात कुठली प्रथिनं पुढे करायची हे आपल्या परीने ठरवलेलं आहे, आणि आपल्याला ते त्या-त्या प्राण्यातच जाऊन शोधावं लागतं.

दुसरं तेच सीरम अमायलॉइड ए, पण त्याचा एक वेगळा प्रकार. यकृतात बनतो तो एक, आणि कास स्वतः बनवते तो दुसरा, त्याला तिसऱ्या क्रमांकाचा प्रकार म्हणतात. दोघांत थोडा फरक आहे आणि तो ओळखता येतो. पायाला जखम असेल, गर्भाशयात दाह असेल, तर रक्तातला प्रकार वाढेल. दुधात कासेचा प्रकार वाढलेला सापडला, तर दाह कासेतच आहे. प्रथिन कुठून आलं हे कळल्यावर निदान किती नेमकं होतं बघा. मात्र व्यायल्यानंतरच्या चिकात हा प्रकार निरोगी गाईतही भरपूर असतो. त्यामुळे त्या दिवसांत ही चाचणी फसवते.

तिसरं माझं विशेष आवडीचं, कॅथेलिसिडिन. हे जंतू मारणारं प्रथिन आहे आणि ते पांढऱ्या पेशींच्या पोटातल्या कणांमध्ये भरून ठेवलेलं असतं. पेशी कासेत येऊन जंतूशी भिडली की ते दुधात सांडतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मेंढीचं दूध हा मोठा व्यवसाय आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी मेंढीच्या आणि नंतर शेळी-गाईच्या दुधात यावर नेटाने काम केलं. आपल्यासाठी ते का महत्त्वाचं? गाईच्या दुधात पेशींची संख्या मिलिलिटरला २ लाखांच्या वर गेली की आपण सुप्त कासदाह धरतो. सीएमटी, म्हणजे गोठ्यातच करायची कासदाहाची चाचणी, तिच्या चार खणांच्या ट्रेमध्ये दूध आणि द्रावण फिरवल्यावर जो चिकट गोळा होतो, तो याच पेशींच्या डीएनएमुळे. पण शेळीत हा हिशेब बिघडतो. शेळीच्या कासेतून दूध स्रवताना पेशींचे तुकडेच त्यात येतात, ते यंत्र पेशी म्हणून मोजू शकतं, आणि निरोगी शेळीतही संख्या जास्तच असते. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी पाळणाऱ्याला पेशींच्या आकड्यावर विसंबता येत नाही. कॅथेलिसिडिन दिसलं तर मात्र तिथे लढाई झालीय असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

हे झालं जनावराच्या बाजूचं. जंतूचीही प्रथिनं वाचता येतात आणि इथे प्रयोगशाळेचं काम कमालीचं सोपं झालंय. दुधातून जंतू वाढवले की त्या वसाहतीचा ठिपका पोलादी पट्टीवर लावायचा, वर एका आम्लाचा थेंब टाकायचा, आणि लेझरचा झोत सोडायचा. जंतूची प्रथिनं, मुख्यतः रायबोसोममधली, उडून नळीतून धावतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. त्या वेळांचा आलेख संग्रहातल्या आलेखांशी जुळवला की काही मिनिटांत नाव मिळतं. पूर्वी साखरेच्या नळ्या लावून एक-दोन दिवस थांबावं लागे. अर्थात संग्रहात ज्या जंतूचा आलेख नाही तो यंत्राला ओळखता येत नाही, आणि जंतू आधी वाढवावा लागतोच.

नाव कळून काय होतं? औषध बदलतं. सौम्य कासदाहात ई. कोलाय असेल तर पुष्कळदा जनावर स्वतःच तो जंतू घालवतं. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टी असेल तर पेनिसिलीन चांगलं लागू पडतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल तर तो कासेत खोल घर करून बसतो, अधूनमधूनच दुधात उतरतो, आणि महागडी औषधं देऊनही पुन्हा डोकं वर काढतो. तिन्ही ठिकाणी प्रतिजैविकाची एकच ट्यूब सडात सोडणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आपणच पोसतो. मला याची मनापासून काळजी वाटते. ट्यूब सोडल्यानंतर ठरलेले दिवस दूध न घालणं सगळीकडे पाळलं जातं असंही नाही.

आता कासेतून बाहेर येऊ. लाळ्या खुरकूत. समोरच्या प्रत्येकाने हा रोग पाहिलाय, तोंडातून लाळेच्या तारा आणि खुरांत फोड. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लसीकरणाची मोहीम चालते. आता प्रश्न असा, की कळपातल्या सगळ्या जनावरांना लस दिली, तर सगळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं असणार. मग विषाणू अजून फिरतोय की थांबलाय, हे ओळखायचं कसं?

उत्तर पुन्हा कोणतं प्रथिन यातच आहे. विषाणूची काही प्रथिनं त्याच्या कवचाची असतात. काही मात्र तो पेशीत शिरून वाढायला लागल्यावरच बनवतो, कवचात ती नसतात. लस म्हणजे मारलेला आणि शुद्ध केलेला विषाणू. ती बनवताना ही वाढीची प्रथिनं काढून टाकलेली असतात. त्यामुळे फक्त लस घेतलेल्या जनावरात कवचाविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. प्रत्यक्ष संसर्ग झालेल्या जनावरात कवचाविरुद्धचीही आणि वाढीच्या प्रथिनांविरुद्धचीही. भारतात ही चाचणी विकसित झाली आहे आणि सर्वेक्षणात वापरली जाते. लसीत शुद्धीकरण कमी पडलं आणि तीच लस वारंवार दिली गेली, तर हा भेद पुसट होतो. म्हणून लसीच्या शुद्धतेचा आग्रह ही कागदी बाब नाही. बुळकांडी, गुरांचा असाच एक विषाणूजन्य रोग, २०११ साली जगातून गेली. लाळ्या खुरकूत घालवायची असेल तर लस टोचण्याइतकंच हे मोजणं महत्त्वाचं आहे.

गाभण तपासणीचा उल्लेख थोडक्यात करतो. वारेतल्या दोन केंद्रकांच्या खास पेशी काही प्रथिनं आईच्या रक्तात सोडतात. रेतनानंतर साधारण २८ दिवसांपासून ती रक्तात आणि दुधात पकडता येतात. गाय गाभण राहिली की उलटली हे कळायला पुढच्या माजाची वाट बघत बसावं लागत नाही, भाकड दिवस वाचतात. फक्त व्यायल्यानंतरही ती काही आठवडे रक्तात रेंगाळतात, तेवढं भान ठेवायचं.

आणि ए-२ दूध. हा प्रश्न नंतर येणारच, म्हणून आत्ताच. बीटा-केसिनच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए-२, हिस्टिडिन असेल तर ए-१. फरक एवढ्या एका जागेचा. आपल्या देशी गाईंत आणि म्हशींत बहुतांशी ए-२ च असतं. तो फरक खरा आहे आणि तपासता येतो. ए-१ दुधाने रोग होतात हे मात्र सिद्ध झालेलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली उपलब्ध पुरावा तपासला आणि कार्यकारणसंबंध आढळला नाही असं सांगितलं. देशी गाय पाळायची भरपूर चांगली कारणं आहेत. उन्हात टिकते, गोचिडांना जास्त तोंड देते, कमी चाऱ्यावर निभावते. तिला न सिद्ध झालेल्या दाव्याच्या आधाराची गरज नाही.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. मी इथे जे आकडे आणि मर्यादा सांगितल्या, त्यांतल्या बहुतेक होल्स्टीन गाईंवर, युरोप-अमेरिकेतल्या गोठ्यांत ठरल्यात. आपल्या देशातल्या दुधात म्हशीचा वाटा निम्म्याच्या जवळपास आहे. पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी म्हैस, किंवा देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, खिल्लार गाय निरोगी असताना तिच्या दुधात हॅप्टोग्लोबिन किती, लॅक्टोफेरिन किती, वेताच्या कुठल्या टप्प्यावर किती, याचा पाया आपल्याकडे फार तोकडा आहे. नीरोग म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय आजारी कोण हे ठरवता येत नाही. शिवाय लॅक्टोफेरिन भाकड काळात निरोगी कासेतही वाढतं. त्या आठवड्याचा नमुना कुणी टप्पा न नोंदवता पाठवला तर अहवाल चुकीचा येणार.

मोठं यंत्र प्रत्येक तालुक्याला लागत नाही. त्याचं काम आहे नेमकं प्रथिन शोधून काढण्याचं. एकदा ते सापडलं की त्याच्यासाठी पट्टी बनवता येते, कोविडच्या घरगुती किटमध्ये होती तशीच. धार काढताना दोन थेंब टाकले, रेघ आली, तो सड वेगळा काढला. पण ती पट्टी कुठल्या प्रमाणाला रेघ दाखवणार, हे आपल्या जनावरांवरूनच ठरायला हवं.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत नमुना देणाऱ्यांना दोन-चार गोष्टी सांगतो, त्या लिहून घ्या. आजारी जनावराचं दूध सगळेच आणतात, निरोगी जनावराचंही आणा. प्रत्येक सडाचं वेगळ्या बाटलीत. सड धुऊन कोरडा करायचा, पहिल्या दोन-तीन धारा बाजूला काढायच्या, मग नमुना घ्यायचा. लगेच बर्फात, कारण प्लास्मिन बाटलीतही कापत राहतं आणि दुपारपर्यंत आपण गाईच्या कासेतलं नाही, बाटलीतलं मोजत बसतो. बाटलीवर जात, कितवं वेत, व्यायल्याची तारीख, कुठला सड आणि धार सकाळची की संध्याकाळची, हे पाच तपशील पेन्सिलीने लिहा. शाईचं लिहिलेलं बर्फाच्या पाण्यात पुसून जातं.